कन्हारातली हवा, भाठ्यावरची हवा

भिलाईला जाऊन आले असं सांगितलं की लोक विचारतात, तिथं पाहायला काय आहे? किल्ला नाही, लेणी नाहीत, समुद्र तर नाहीच. मी सांगते, मी हवा पाहायला गेले होते. मग लोक हसतात. हसू द्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एम.एस्सी. झाले तेव्हा साकोलीत आमच्या आळीत पेढे वाटून झाले, तरी शेजारची काकू विचारतच होती, "पन तू शिकली काय नेमकं?" पर्यावरणशास्त्र म्हटलं तर तिला वाटलं मी झाडं लावते.

काम असं होतं. आमच्या विभागातल्या मॅडमना पाहायचं होतं की एकाच शहरात उंचावरची वस्ती आणि खोलगटातली वस्ती यांच्या हवेत कार्बन डायऑक्साइड कमीजास्त असतो का, आणि कधी. प्रत्येकीनं एक शहर घ्यायचं. मी भिलाई मागून घेतलं. तिथं माझे सख्खे मामा राहतात, म्हणजे राहण्याजेवणाची चिंता नाही. आणि दुसरं म्हणजे मामांनी स्वतःच फोन करून सांगितलं होतं, "ते हवेचं मशीन घेऊनच ये. मले काम हाय त्याचं."

अष्टमी

दुर्ग स्टेशनवर मामा स्कूटर घेऊन उभे होते. बळीराममामा. आमच्या बाजूचे, धानाच्या मुलखातले, पण तीस वर्षांहून जास्त झाली, पोलाद कारखान्यात दाब मोजणारे प्रेशर गेज दुरुस्त करतात. दिवाळीनंतर रिटायर होणार होते. रिटायर झाले की सेक्टरमधलं क्वार्टर सोडायचं. त्यांनी दोन घरं पाहून ठेवली होती, दोन्ही उतईच्या रस्त्याकडे, आणि कोणतं घ्यायचं हे ठरत नव्हतं.

घरी शकुनमामी दारातच होती. मला पाहून ती हसली, पण बोलणं तुटक होतं. "आली माय..." मग थांबली, श्वास घेतला. "आईची तब्येत..." पुन्हा श्वास. "बरी हाय ना?" लहानपणी हीच मामी एका दमात पूर्ण गल्लीचा उद्धार करायची. दोन हिवाळ्यांपासून दमा वाढला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषध घ्या, आणि जिथं धूर साचून राहतो तिथं राहू नका.

जेवायला तांदळाचा चिला आणि टमाटरची चटणी. चिला म्हणजे आपलं धिरडंच, पण आमच्याकडे धिरडं तव्यावर पळीनं पसरतात, इथं मामी वाटीनं ओतून वाटीच्याच बुडानं फिरवते. खाता खाता मामांनी ताटाच्या कडेला दोन बोटं ठेवली.

"हे घर खाली हाय, नाल्याकाठी. कन्हार माती, काळीभोर. तठी काठी रोवली तं काठीले पालवी फुटते. आन हे घर वर हाय, भाठ्यावर. लाल मुरूम. तठी गवतही उपकार केल्यासारखं उगवते."

"तुम्हाला कोणतं पाहिजे?" मी विचारलं.

"मले विचारू नको. तीस वर्षं लोखंडात काढले, आता मातीत हात घालायचा हाय."

मामी चूल... नाही, गॅसच तो, पण ती अजून चूलच म्हणते, तर चुलीजवळून म्हणाली, "घाला ना हात... मी नाई म्हनते का... मले फक्त श्वास घेऊ द्या."

मामा माझ्याकडे वळले. "म्हनून तुह्या मशीनले बलावलं. खालची हवा बरी का वरची, ते जे म्हनन ते पक्कं."

मीटर माझ्या मांडीवर होतं. विभागाचं, सही करून आणलेलं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही, मामा."

हे वाक्य पुढं मला फार महागात पडलं.

नवमी: नाल्याकाठचं घर

पहाटेच निघालो, कारण खरी गंमत पहाटेलाच दिसते. रात्री वारा पडला आणि आकाश मोकळं असलं की जमीन गार होते, तिच्याबरोबर खालची हवा गार आणि जड होते, आणि पाण्यासारखी उतारानं वाहत जाऊन खोलगटात बसते. मग त्या वस्तीतला चुलींचा धूर, गाड्यांचा धूर, माणसाजनावरांचा श्वास, सगळं त्या थाळीत साचतं. ऊन चढलं की हवा ढवळली जाते आणि सगळीकडे सारखं होतं. हे पुस्तकात मी वाचलं होतं. त्या दिवशी गुडघ्यांना कळलं. रस्ता नाल्याकडे उतरला तशी स्कूटरवर मागं बसल्या बसल्या माझे पाय एकदम गारठले.

खालच्या घराचे मालक साहूजी अंगणात दात घासत होते. भोवती वांगी, लाल भाजी, छपरावर कोहळ्याचा वेल, आणि वेलावर धूर. वर जात नव्हता तो. अंगणावर कोणी मळकी चादर धरावी तसा कमरेच्या उंचीवर आडवा पसरला होता. आजूबाजूच्या सगळ्या घरांच्या चुलींचा.

मी हात लांब करून मीटर धरलं आणि मान फिरवली, कारण आपला श्वास त्यात गेला की आकडा उडी मारतो. पाहते तर मामा गाल फुगवून उभे.

"मामा, काय झालं?"

त्यांनी हातानंच खुणावलं, थांब. आकडा स्थिर झाला तेव्हा भसकन श्वास सोडला. "मी नाई सोडत बापा हवा. तुह्या हिशेबात येईन."

साहूजींनी चूळ भरली. "हवा ला घलो नापथें का नोनी?" म्हणजे हवासुद्धा मोजतात का गं पोरी. मी हो म्हटल्यावर म्हणाले, "त नाप ले. घर के संग हवा फोकट म देहूं." घरासोबत हवा फुकट.

उघड्यावर आकडा हवेच्या दहा लाख भागांत चारशे वीस-तीसच्या आसपास असतो. तिथं पाचशेच्या जरासा खाली होता. वहीत लिहिला. साहूजींनी बसवून बोरे-बासी खाऊ घातली, रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा आणि अंगणातली भाजी. आमच्याकडे शिळा भात पाहुण्यापुढं ठेवला तर आई आयुष्यभर तोंड दाखवणार नाही. इथं तो मानानं देतात, आणि गोड लागतो. मामा मात्र खाताना सारखे जमिनीकडे पाहत होते. उठताना त्यांनी मूठभर माती उचलली, दाबली, हुंगली आणि हात न धुता स्कूटर चालवली.

घरी येऊन मी अंघोळीला गेले. बाहेर आले तर देवघरासमोर पाट मांडलेला. पाटावर मामांचे पाने, पक्कड, हेल्मेट, स्कूटरची चावी, मामीची विळी, आणि मधोमध, झेंडूची माळ घालून, माझं मीटर. हळदकुंकू लावलेलं. समोर धुपाटण्यातून धुराचे लोट.

"मामा! हे काय केलं तुम्ही?"

"खंडेनवमी हाय ना बाई. अवजाराची पूजा." मामा भाबडेपणानं म्हणाले. "विश्वकर्मा पूजेले कारखान्यात आमी शंभर गेजले कुंकू लावतो. आन तू तं एवढ्या दुरून आनलं, त्याले पयला मान."

मीटरवरचा आकडा तीन हजारांच्या वर गेला होता. मामा कौतुकानं म्हणाले, "पाह्य बाई, खुश झालं."

मी माळ काढली, ओल्या फडक्यानं पुसलं, खिडकीत ठेवलं. हळूहळू आकडा उतरला. घरातल्या आकड्यासारखा दिसायला लागला तसा माझा जीव भांड्यात पडला. मामांवर रागावणार कशी? आमच्या बापानं माझ्या डिग्रीच्या कागदालाही कुंकू लावलं होतं.

दसरा: भाठा

मॅडमनी निघताना एक गोष्ट दोनदा सांगितली होती. रोज मोजायला सुरुवात करायच्या आधी एका ठरलेल्या जागी आकडा घ्यायचा. काल आणि आज त्या जागी फार फरक दिसला तर पुढं जायचंच नाही. माझी जागा होती क्वार्टरची गच्ची. दसऱ्याच्या पहाटे मामा नवा शर्ट घालून स्कूटरवर बसून हॉर्न देत होते. मी गच्चीकडे पाहिलं आणि म्हटलं, जाऊ दे. एवढं शिकल्यावर एक दिवस नाही घेतला तर काय होतं.

वरचं घर बंद होतं, किल्ली मामांकडे. लाल मुरूम, चार बोरीची झुडपं, दाराशी एक कोरडी कुंडी. वारा असा की माझी ओढणी मामांच्या तोंडावर. दूर खाली नाल्याच्या बाजूला कालचा तोच धूर पांढऱ्या पट्ट्यासारखा दिसत होता. पाहायला छान होतं.

मीटरनं पाचशेच्या वर दाखवलं. थांबले, पुन्हा पाहिलं. तेच.

"काय म्हनते?" मामांचा आवाज दबलेला.

"इथं जास्त आहे, मामा. खालचं बरं आहे."

माझ्या डोळ्यांसमोर धूर खाली होता आणि आकडा वर जास्त म्हणत होता. मी डोळ्यांवर नाही, आकड्यावर भरवसा ठेवला. पुस्तक चुकीचं असेल, इथला प्रकार वेगळा असेल, अशी कारणंसुद्धा मनात जुळवली. त्यातच मला जरा मोठेपणा वाटला. मामांनी तर मला खांद्याला धरून हलवलं. "मशीन खोटं बोलत नाई! तूच म्हनली होती ना!"

संध्याकाळी ते सोन्याची पानं घेऊन साहूजींकडे गेले. पानं हातात दिली, गळाभेट घेतली आणि शब्द देऊन आले. रात्री जेवताना कुठं भेंडी, कुठं कारली हे सांगत होते. मामी ताटात पाहत म्हणाली, "चांगलं झालं." मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू सांगतलं... म्हनजे बरोबरच असन... तुह्यावर भरोसा हाय माय."

नंदिनी नगर

दुसऱ्या दिवशी अहवालासाठी शहराबाहेरची एक उंच, उघडी जागा मोजायला एकटीच निघाले. जामुलपर्यंत बस खचाखच, पुढं नंदिनी नगरपर्यंत बसायला जागा. चुनखडीच्या खाणींची वसाहत. सरळ रस्ते, चिंचेची झाडं, अशी शांतता की आपल्या चपलांचा आवाज येतो. वसाहतीबाहेर जुन्या खोदकामाचा एक मोठा ढिगारा आहे, त्यावर आता गवत आलंय आणि गुराखी चढतात. मीही चढले. आसपास तेवढीच उंच जागा.

वर वारा इतका की उभं राहवेना. अकरा वाजले होते, ऊन कडक, कुठं धूर नाही, माणूस नाही. मीटर बाहेर काढलं. पाचशेच्या वर.

असं होऊच शकत नाही. एवढ्या वाऱ्यात, एवढ्या उन्हात, उघड्या माथ्यावर. नखानं मीटरच्या मागची जाळी काढली. आत हळदकुंकवाचा लगदा, त्यावर धूपाची काजळी. मीटर आत हवा घेऊन तिच्यातून उजेड सोडतं आणि किती उजेड पोचला त्यावरून आकडा सांगतं. त्या वाटेवर कुंकू बसलं होतं. बिचारं परवापासून जे सांगत होतं त्यात मामांची पूजा मिसळलेली होती.

ओढणीच्या टोकानं, मग सुईला कापूस गुंडाळून साफ केलं. वाऱ्यात ठेवून मॅडमनी शिकवल्याप्रमाणे बटण दाबून उघड्या हवेशी पुन्हा जुळवून घेतलं. आकडा उतरला, चारशे वीसवर टेकला आणि तिथंच राहिला.

म्हणजे भाठ्यावरचा आकडा खोटा. नवमीचा, पूजेच्या आधीचा, खरा. आणि माझ्या सांगण्यावर मामा शब्द देऊन बसले.

खरं सांगते, मी त्या ढिगाऱ्यावर बराच वेळ बसले. वहीतला एक आकडा मी बदलला असता तर मॅडमना कळलं नसतं. मामांना सांगितलं नसतं तर ते आनंदात भेंडी लावत बसले असते. आणि ज्या घरात "शिकलेली" म्हणून मला उठून पाट देतात, तिथं जाऊन "मी चुकले" म्हणायचं, हे फार जड होतं. पण सारखं कानात यायचं ते मामीचं तुटक बोलणं. हिवाळा तोंडावर होता. त्या आडव्या चादरीत तिला नेऊन बसवणार कोण? मी.

पुन्हा क्वार्टर

मामा पंचांग उघडून बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. जाळी, कुंकू, गच्चीवरचा आकडा न घेणं, सगळं.

मामांनी पंचांग मिटलं. चष्मा काढला. "मतलब माह्या कुंकवानं झालं?"

"नाही मामा. कुंकू लागलं होतं हे मला माहीत होतं. तपासायचं काम माझं होतं. मी आळस केला."

ते उठून खिडकीशी गेले. तिथं रंगाच्या जुन्या डब्यांत त्यांची वांगी होती, खुरटलेली. पाठ आमच्याकडे ठेवून म्हणाले, "आमच्या गेजचं तोंड काचेनं बंद असते. कितीबी कुंकू लावा. मले वाटलं ह्याचंबी तसंच." मग थोड्या वेळानं, "झिरो एरर म्हनतात याले. काटा शून्यावरच नाई तं पुढचं सारं वाचन फुकट. रोज सकाळी पयले काटा पाहाचा, मंग कामाले लागाचं, हे मी किती पोरायले शिकवलं." वळले. "कावून रडून राहिली? चुकलेला गेज मी फेकत नसतो. लपवलेला फेकतो."

मामी एवढंच म्हणाली, "आता मीबी येते... उद्या पहाटे... दोन्हीकडे."

एका पहाटे दोन घरं

यावेळी आधी गच्चीवर गेले. मग ऑटो. खाली नाल्याकाठी मामी उतरलीच नाही. ऑटोतच पदर नाकाला लावला आणि हातानं "चला" म्हणाली. आकडा पुन्हा पाचशेला टेकलेला. वर भाठ्यावर गेलो, अर्ध्या तासाच्या आत. चारशे तीस. मामी उतरली, घराला एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि दाराच्या पायरीवर बसून खाली पाहत राहिली. "तठी... आमी झोपलो असतो?" पांढऱ्या पट्ट्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं.

दुपारी मी एकटी पुन्हा दोन्हीकडे जाऊन आले. दुपारी दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. हेही मी मामांना सांगितलं. आणि हेसुद्धा सांगितलं की एवढ्याशा जास्त कार्बन डायऑक्साइडनं कोणाला दमा होत नाही. धूळ आणि धूर हे मीटर मोजत नाही. ते फक्त एवढं सांगतं की पहाटे हवा कुठं अडकून बसते. जिथं ती अडकते तिथं धूरही अडकतो. यापुढचं मशीनला विचारू नका, डॉक्टरला विचारा आणि मामीला विचारा.

"मामीले तं मी तीस वर्षांपासून विचारत नाई," मामा म्हणाले, "आता सुरुवात करतो."

संध्याकाळी मी त्यांच्यासोबत साहूजींकडे गेले. दसऱ्याला सोनं देऊन दिलेला शब्द परत घ्यायचा म्हणजे काय, हे मामांच्या मानेकडे पाहून कळत होतं. त्यांनी बायकोचं सांगितलं, माझ्या चुकीचं मात्र सांगितलं नाही. मग मीच सांगितलं. साहूजींनी सगळं ऐकलं, मीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"बिहनिया के धुंगिया ल त मोर डोकरी घलो गारी देथे," ते म्हणाले. सकाळच्या धुराला त्यांची म्हातारीही शिव्या देते. मग मामांकडे पाहून, "घर झन ले. फेर माटी त ले जा. एक ट्रॉली कन्हार मैं दे देहूं. हवा फोकट म नइ देय सकेंव, माटी फोकट म ले." घर नको घेऊ, पण माती तरी घेऊन जा; हवा फुकट देता आली नाही, माती फुकट ने.

मामांनी साहूजींचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

साकोली

हे लिहिते आहे तेव्हा पौष सुरू आहे. माझा अहवाल गेला. त्यात दसऱ्याचा आकडा खोडून शेजारी कारण लिहिलंय, पूजेसकट. मॅडमनी ते वाचून मला आत बोलावलं, हसल्या, आणि पुढच्या मुलींना शिकवायला ते पान ठेवून घेतलं.

काल पहाटे मामांचा फोन आला. भाठ्यावर राहायला जाऊन महिना झाला. औषध चालूच आहे, पंप उशाशी असतो, थंडीत मामी खोकतेच. मी विचारणार होते की बरं वाटतं का, तेवढ्यात मागून मामीचा आवाज आला, फोन तिनं हिसकावून घेतला होता.

"आयक माय, तुह्या मामानं त्या साहूची माती आनून सारं आंगन काळं करून ठेवलं, वांगे लावले, मेथी लावली, आन आता तेच चिखलाचे पाय घेऊन घरभर फिरून राहिले, मी सांगून सांगून थकली, तू शिकलेली हायस ना, तूच समजव त्याहिले!"

एवढ्या बोलण्यात ती कुठंच थांबली नव्हती.